सातव्या दरवाजावरची चिंबोरी

शुक्रवारी दुपारी आमच्या कारखान्याचे मेहताजी राक्षस असायचे, वादळ असायचे, किल्ल्याचा दरवाजा असायचे, आणि दरवाजामागे कण्हणारी म्हातारीही तेच असायचे. बाकीचे सहा दिवस ते कापड तपासायचे.

भिवंडीत शुक्रवार सुट्टीचा. लूम बंद. आठवडाभर खडखडाटात काढल्यावर त्या दिवशी कान रिकामे वाटतात, आणि माणसं मात्र सवयीनं ओरडूनच बोलतात. अशा शांत शेडमध्ये, कापड तपासायच्या लांब टेबलावर मेहताजी निळ्या खडूनं किल्ल्याचा नकाशा काढायचे. टेबल एका बाजूला उतरतं होतं, म्हणून फासे घरंगळू नयेत यासाठी दोन पायांखाली विटा. भोवती आम्ही चौघं: मी, माझा दादा, रामदुलारे नावाचा उत्तरेकडचा विणकर, आणि मेहताजींची बायको, जिला सगळा कारखाना चाची म्हणायचा.

हा खेळ कुठे विकत मिळत नव्हता. मेहताजी तरुणपणी चौदा वर्षं जहाजावर खलाशी होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी गोऱ्या खलाशांना शिशाचे शिपाई मांडून फाशांवर लढाई खेळताना पाहिलं होतं. लहानपणी ऐकलेल्या जादूच्या किल्ल्यांच्या गोष्टी डोक्यात होत्याच. गुडघा गेला, जहाज सुटलं, भिवंडीत येऊन ते लूमच्या कारखान्यात मेहता झाले, म्हणजे कारकून. कारखाना लहान, म्हणून कापड तपासायचं कामही त्यांच्याकडेच. आणि शुक्रवारच्या रिकामपणात त्यांनी या दोन गोष्टी एकत्र कालवल्या. मोडक्या धोट्याचं लाकूड कापून दोन फासे केले. आडवा धागा घेऊन लूमवर इकडून तिकडे पळतो तो धोटा. त्याचं लाकूड दगडासारखं. तापल्या खिळ्यानं फाशांवर ठिपके डागले.

ते सांगायचे, "तू दरवाजासमोर उभा आहेस. आतून पाण्याचा आवाज येतोय. बोल, क्या करेगा?" मग आपण काय करणार ते सांगायचं आणि फासे टाकायचे. आकडा पुरेसा पडला तर जमलं, नाही तर नाही. नियम एवढाच की आपल्या पाळीला एकच काम करायचं असेल तर दोन्ही फासे टाकून बेरीज घ्यायची. दोन कामं करायची असतील तर एकेका कामाला एकेक फासा.

दादा सगळ्यांत पुढे घुसायचा आणि सगळ्यांत आधी मरायचा. मेला की मेहताजी त्याला पुढच्या शुक्रवारी नव्या नावानं जिवंत करायचे. "या बहादूर. या खेपेला तरी दहा मिनिटं जगा." रामदुलारेला एकच वाक्य यायचं, "मारो साले को!" चाची भाजी निवडत खेळायची आणि कुठलाही राक्षस दिसला की म्हणायची, "अगोदर विचारा तर, सकाळपासून काही खाल्लंय का त्याने?" हसू नका. एकदा दोन डोक्यांच्या पहारेकऱ्याला तिनं विचारलं की तुमच्यात मोठा कोण. मेहताजी अडले. मग ती दोन डोकी आपसात भांडायला लागली आणि आम्ही मधून निघून गेलो. त्या दिवशी मेहताजी घरी जाताना बायकोच्या दोन पावलं मागे चालत होते.

टेबलावरचा नकाशा वहीत उतरवून ठेवायचं काम माझं, कारण लिहिता-वाचता मलाच धड येत होतं. मी कॉलेजात होते. हे मी तेव्हाही छाती काढून सांगायचे आणि आजही सांगते. आमचं गाव भिवंडीजवळचं पूर्णा. बाबा गावी भातशेती बघायचे; आई, दादा आणि मी कारखान्यामागच्या खोलीत राहायचो. दादा लूम चालवायचा, आई कांड्या भरायची, आणि कॉलेजातून आल्यावर मीही तिच्या शेजारी बसून कांड्या भरायचे. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं.

मुलीनं शुक्रवारी असं खेळायला बसायचं म्हटल्यावर आईनं मोडता घातला. शेवटी दादा आहे, चाची आहे आणि शेडचं दार सताड उघडं आहे, यावर तडजोड झाली. शिवाय मेहताजी मुसलमान, आम्ही हिंदू, आणि त्या वर्षांत भिवंडीत कोण कुणाकडे उठतो-बसतो याकडेही लोकांचं लक्ष असायचं. मेहताजींना त्यांच्या मोहल्ल्यातलेही विचारायचे आणि आमच्या बाजूचेही. ते दोघांना एकच उत्तर द्यायचे, "किल्ले में चार की जगह है. पाचवं यायचं असेल तर फासा टाक." विचारणारा निघून जायचा.

मेहताजींच्या कानावर कायम निळा खडू असायचा. कापडात कुठे धागा तुटलेला दिसला, जाळं दिसलं, की तिथे एक गोल. बोलायचं काही नाही. विणकर विचारायला लागला की म्हणायचे, "दाग दिखाना मेरा काम. बाकी तुझं तू बघ." ही सवय त्यांना शेडबाहेरही सुटत नसे. गल्लीतल्या खड्ड्यांभोवती त्यांचे गोल असायचे. चाचीची एखादी भाकरी करपली तर ताटात भाकरीवर गोल, आणि मग ती भाकरी ते मुकाट्यानं खायचे. एकदा शेठ मुंबईहून नवा कोरा शर्ट घालून आले, बरोबर दोन व्यापारी. मेहताजी बोलता बोलता पुढे झाले आणि शेठच्या पोटावर एक गोल काढून परत टेबलाकडे आले. व्यापाऱ्यांनी वाकून पाहिलं. खरोखरच एक धागा तुटलेला होता. शेठ महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मेहताजींना ते समजायलाच आठवडा लागला.

आईचं आणि त्यांचं वेगळंच भांडण. आई टोपली भरून कांड्या दिल्या की वर चार-सहा कांड्या जास्तीच्या ठेवायची. भाजीवाली मूठभर वर घालते, तांदूळ मापल्यावर वर ओंजळ टाकतात, तसं. "मोजून-मापून कशाला द्यायचा? जरा वर द्यावा, मानूस खूश र्‍हातो." सगळ्याच कांडीवाल्या तसं करत. मेहताजी त्या चार कांड्या उचलून आईच्या पुढ्यात परत ठेवायचे. रोज. आई घरी येऊन चिडायची, "कसला मानूस हाय गो ह्यो! दिल्यालं परत करतो!"

मला आईचंच बरोबर वाटायचं.

तर मी इंटरच्या परीक्षेला बसले आणि अर्थशास्त्रात नापास झाले. बाबा पूर्ण्याहून आले. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. पडघ्याचं एक स्थळ वर्षभर थांबलं होतं. बाबा म्हणाले, "आक्टोबरला बस परत. पन आक्टोबर झाला का बास. मंग पडघ्याच्या मानसांना मी न्हाय थांबवनार. तुलशीचा लगीन झाला का तुजा लगीन."

त्या शुक्रवारी मी टेबलाशी तोंड पाडून बसले. मेहताजींनी विचारलं, "पेपर कठीण होता का?"

"कठीण कसला! मी आठच्या आठ प्रश्न सोडवले."

"पेपरात किती मागितले होते?"

"कोणतेही पाच."

"मग आठ का?"

"वर तीन दिले," मी म्हटलं. "आठातलं कुठलं ना कुठलं आवडेल की तपासणाऱ्याला."

तीन तासांत आठ प्रश्न म्हणजे एकेकाला वीस-बावीस मिनिटं. माझं एकही उत्तर पुरं झालेलं नव्हतं. आज हे मला कागदावर लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा खरंच कळत नव्हतं, आणि घरात सांगणारं कोण होतं? मेहताजींनी कानावरचा खडू काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवला. मग म्हणाले, "पोरी, पाच लिही. पुरे लिही."

मी मान हलवली. मनात म्हटलं, खलाशाला कॉलेजातलं काय कळतं. जास्त काम केलं म्हणून कुणी नापास करतं का?

पुढच्या शुक्रवारी आम्ही सातव्या दरवाजाशी पोचलो, आणि तिथे चिंबोरी, म्हणजे खेकडी, बसली होती.

"चिंबोरी?" दादा हसत सुटला. "मेहताजी, तिचं तर आम्ही कालवण करतो!"

"करा," मेहताजी म्हणाले. "ही आपल्या शेडएवढी आहे. चाळीस लूम तिच्या पाठीवर मांडता येतील."

मग त्यांनी आकडे सांगितले. तिच्या पाठीला दहाच्या खाली काही लागत नाही. एक घाव लागला तरी ती पुढच्या फेरीपर्यंत भरून निघते; म्हणजे एकाच फेरीत दोन घाव बसले पाहिजेत. आणि तिला आमच्यापैकी कुणाला चिरडायचं तर फाशांची बेरीज फक्त चार हवी. ते तर जवळजवळ दर वेळी पडतं.

पहिल्या शुक्रवारी तिनं आम्हा चौघांना चहा यायच्या आत संपवलं. दुसऱ्या शुक्रवारी चहा झाल्यावर. तिसऱ्या शुक्रवारी चाचीनं तिला विचारलं, "बये, तुझी पिल्लं कुठे आहेत?" मेहताजी म्हणाले, "तिला कान नाहीत." चाची म्हणाली, "हे तुम्ही आत्ता ठरवलंत." ते म्हणाले, "नाही, तीन दिवसांपूर्वी." रामदुलारे तर हात जोडून म्हणाला, "मेहताजी, दस का नौ कर दो. गरीब आदमी हैं." मेहताजी डागी कापड परत करताना म्हणायचे तेच म्हणाले, "नंबर नहीं बदलेगा. कापड बदलो." दादा चिडून म्हणाला, "मग खेळायचं तरी कशाला? ती जिंकायलाच बसवलीय!" मेहताजी शांतपणे चिंबोरीची नांगी खडूनं जाड करत राहिले.

मी दर पाळीला दोन कामं करायचे. एका फाशानं दादावर ढाल धरायची, कारण तो पुढे असायचा. आणि नुसती ढाल धरून बसायचं म्हणजे कामचुकारपणा, म्हणून दुसऱ्या फाशानं एक घाव. एका फाशावर सहाच्या वर पडत नाही. चिंबोरीला दहा लागतात. हे मला येत होतं. अर्थशास्त्र शिकत होते मी! तरी मी म्हणायचे, "लागलं तर लागलं," आणि फासा टाकायचे. कुणी काही बोलायचं नाही. आमच्यात जास्तीचं काम करणाऱ्याला कुणी टोकत नाही.

चौथ्या शुक्रवारी मेहताजींनी टेबलावर माझ्या हातासमोर एक गोल काढला. नकाशात तिथे काही नव्हतं. नुसतं लाकूड.

"हे काय?" मी विचारलं.

"दाग."

"कसला दाग? सांगा ना सरळ."

"सरळ एकदा सांगितलं," ते म्हणाले आणि रामदुलारेकडे वळले. "चल, तेरी बारी."

मला राग आला. पुढचा शुक्रवार मी गेले नाही, अभ्यासाचं निमित्त केलं. अभ्यासही आठही प्रश्न डोळ्यांपुढे ठेवूनच चालला होता. प्रत्येक धड्याचं थोडं थोडं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चाची स्वतः खोलीवर बोलवायला आली. "चल, नकाशा उतरवायला कुणी नाही. आणि तुझा भाऊ माझ्याशेजारी बसून माझी भेंडी खातो, कच्ची."

त्या दिवशी पहिल्यांदाच रामदुलारेला अकरा पडले. तो टेबलावर चढायचाच बाकी होता. चिंबोरीची पाठ तडकली. चाचीला पाच पडले. दादा आधीच्या फेरीत अर्धा चिरडला होता, त्याला तीन पडले. आता पाळी माझी. फेरीत दुसरा घाव मीच घालू शकत होते. आणि ढाल धरली नाही तर पुढच्या नांगीला दादा मेलाच म्हणून समजा.

मी ढालीसाठी एक फासा उचलला. दुसरा टेबलावर होता, माझ्यासमोर पुन्हा काढलेल्या त्या निळ्या गोलात. मेहताजींनी तो तसा ठेवला होता की तिथे येऊन पडला होता, मला सांगता येणार नाही. पण माझ्या लक्षात आलं की इतक्या शुक्रवारांत दोन्ही फासे मी एका मुठीत कधी धरलेच नव्हते. सगळ्यांना थोडं थोडं द्यायच्या नादात मला आजवर चिंबोरीला एक ओरखडासुद्धा काढणं शक्य नव्हतं. आणि तेव्हाच मला चिंबोरी दिसेना, पेपर दिसायला लागला. आठ प्रश्न, आठ अर्धी उत्तरं.

"दादा," मी म्हटलं, "तुझ्यावर ढाल नाही धरत."

"अगं पण मी मरेन!"

"मर."

चाचीच्या हातातली सुरी थांबली. मी दोन्ही फासे एका मुठीत घेतले. जड वाटले. टाकले.

सात पडले.

रामदुलारेनं कपाळावर हात मारला. चिंबोरीची पाठ भरून आली, नांगी फिरली, दादा मेला. "सख्ख्या बहिणीनं मारलं," तो सगळ्यांना सांगत सुटला, "सख्ख्या! ढाल हातात असून!" अजून सांगतो. त्याच्या नातवालाही सांगून झालंय.

मी मेहताजींकडे पाहिलं. ते चिंबोरीकडे बघतच नव्हते. त्यांनी खिशातून फडकं काढलं, माझ्यासमोरचा गोल पुसला, आणि म्हणाले, "आजचा खेळ बस. हिला अभ्यास आहे."

चिंबोरी पुढे दिवाळीनंतर मेली, चाचीच्या हातून, आणि मी नेमकी त्या शुक्रवारी पूर्ण्याला होते. त्याचा मला अजून राग आहे. चाचीनंच पुढे मला सांगितलं की ते आकडे बसवायला मेहताजी तीन दिवस कागद घेऊन बसले होते. "मी म्हटलं, एवढं कशाला, पोरीला दोन शिव्या घाला, समजेल. तर म्हणाले, सांगून समजलं असतं तर मागच्याच शुक्रवारी समजलं असतं."

ऑक्टोबरचा पेपर मला पाठ आहे. आठ प्रश्न, कोणतेही पाच. मी वाचले, पाच निवडले, उरलेल्यांवर पेन्सिलनं काट मारली. काट मारताना आईसमोर तिच्या टोपलीतून कांड्या काढून घ्याव्यात तसं वाटत होतं. पाच उत्तरं पुरी लिहिली. सुरुवात, मधलं, शेवट, सगळं. आणि घड्याळात पाहिलं तर पंधरा मिनिटं शिल्लक. काट मारलेल्या तीनांपैकी दोन मला चांगले येत होते. पंधरा मिनिटांत दोन्हींचं थोडं थोडं सहज झालं असतं. ती पंधरा मिनिटं हात मांडीखाली दाबून बसणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत कठीण काम. पुढे मी बी. ए. झाले, शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, इतर बरंच काही केलं, पण एवढं कठीण काही नव्हतं. पर्यवेक्षक दोनदा येऊन विचारून गेले, "बरं नाही का तुला?"

मी इंटर पास झाले. पडघ्याच्या स्थळानं दुसरीकडे जमवलं. बाबांनी पूर्ण्यात घरोघर सांगितलं. पण तो निकाल महिना-दीड महिन्यानं लागला, आणि मला सांगायचंय ते पेपरच्याच दिवसाचं.

मी कॉलेजातून तडक कारखान्यात गेले. कामाचा दिवस होता, सगळे लूम चालू, कानाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. लूमवाले एकमेकांशी हातांनीच बोलतात. मेहताजी टेबलाशी होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"किती?" त्यांनी ओरडून विचारलं.

"पाच!"

"बाकीचे येत नव्हते?"

"दोन येत होते! चांगले येत होते!"

"तरी सोडले?"

"सोडले!"

मेहताजींना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांचा वरचा एक दात नव्हता हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी मला हातानं तिथेच थांबायची खूण केली, गुडघा ओढत बाहेर गेले, आणि नाक्यावरून बुंदीचा पुडा घेऊन आले. मग ते लूमच्या ओळीतून एकेका विणकराच्या हातावर बुंदी ठेवत निघाले. निकाल नव्हता, सण नव्हता, शेठच्या घरी काही झालं नव्हतं. विणकर हातानं खूण करून विचारायचे, कशाची? मेहताजी उत्तरादाखल पंजा उघडून दाखवायचे. पाच बोटं. कुणाला काही कळत नव्हतं. रामदुलारेला वाटलं शेठनं पाच लूम नवे घेतले. दुसऱ्या एकाला वाटलं मेहताजींना पाचवं नातवंड झालं, त्यानं तर गळ्यात पडून मुबारक केलं. दादा त्याच्या लूमवरून माझ्याकडे बघत होता. त्यानं अंगठा वर करून खूण केली: पास?

मेहताजींनी जोरात मान हलवली. नाही, नाही. आणि माझ्या भावाच्या डोळ्यांसमोर त्यांनी परत तोच पंजा धरला, पाची बोटं ताठ, बुंदीच्या पाकानं चिकट झालेली, आणि माझ्याकडे बोट केलं.